घरच्या मैदानावर लांब पल्ल्याची ट्रायथलॉन: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, एकाच दिवशी, एकापाठोपाठ. हे विचित्र आकडे आले कुठून, तर एका बेटाच्या रस्त्यांवरून. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर तिथे आधीपासून होणाऱ्या तीन शर्यती एकमेकींना जोडल्या गेल्या: वायकिकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. सायकलचा मार्ग मुळात ११५ मैलांचा होता, पण तो पोहणे संपते तिथून निघून मॅरेथॉन सुरू होते तिथे थांबावा म्हणून ३ मैल कापले. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. हीच पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत.

तुमच्याच गावात अशी शर्यत होत असेल तर प्रवास नाही, सायकल खोलून खोक्यात भरणे नाही, झोपायला आपलीच गादी. हे सगळे खरे आहे. पण घरच्या मैदानावर ओळखीचा रस्ता आणि ओळखीची माणसे एकत्र येतात, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा असतो. रस्त्याची ओळख कागदावर उतरवली तरच उपयोगी पडते. माणसांशी आधी बोलून ठेवले नाही, तर त्यांच्या प्रेमापायी वेग बिघडतो आणि कधी कधी थेट बाद व्हायची वेळ येते.

पुढचे सगळे वाचताना असे धरले आहे की तुम्ही दीड किलोमीटर न थांबता पोहता, १०० किलोमीटर सायकल चालवली आहे आणि एखादी अर्धमॅरेथॉन पळाला आहात. तेवढे नसेल तर आधी निम्म्या अंतराची (१.९, ९० आणि २१.१ किलोमीटर) करा. घरच्या मैदानाची युक्ती तिथेही तीच.

१. आधी वेळेचा तक्ता

नोंदणी झाल्यावर पहिले काम म्हणजे स्पर्धेची माहितीपुस्तिका वाचून कट-ऑफ (प्रत्येक टप्पा संपवायची शेवटची वेळ) लिहून काढणे. आयर्नमॅनच्या पूर्ण अंतराला साधारणपणे पोहण्यासाठी २ तास २० मिनिटे, सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत १० तास ३० मिनिटे आणि एकूण १७ तास मिळतात. काही मार्गांवर याहून कमी असतात, म्हणून आपल्या शर्यतीचेच आकडे घ्या. मग नवख्याचा तक्ता असा दिसतो:

पोहणे १ तास ४५ मिनिटे (दर १०० मीटरला सुमारे २ मिनिटे ४६ सेकंद)
पहिले ट्रान्झिशन (पोहण्यावरून सायकलवर जाण्याचा बदल) १२ मिनिटे
सायकल ७ तास ३० मिनिटे (ताशी २४ किलोमीटर)
दुसरे ट्रान्झिशन ८ मिनिटे
धावणे ५ तास ३० मिनिटे (किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे ४९ सेकंद)

एकूण १५ तास ५ मिनिटे. सायकल ९ तास २७ मिनिटांना संपते, म्हणजे तिथल्या कट-ऑफला १ तास ३ मिनिटे हातात राहतात. यात दोन पंक्चर, शौचालयापुढची रांग आणि एखादी वाईट चढण बसते. शिल्लक अर्ध्या तासाहून कमी येत असेल तर यंदा निम्मे अंतर करणे शहाणपणाचे.

या तक्त्याचा दुसरा उपयोग मार्ग पाहताना होतो. कोणत्या रस्त्यावर तुम्ही दिवसाच्या कोणत्या वेळी असाल, हे आता कळले. शर्यत सकाळी ६.३० ला सुटली तर धावणे दुपारी चारच्या सुमारास सुरू होऊन रात्री साडेनऊपर्यंत चालेल. घरच्या मैदानावर सराव करणारे बहुतेक जण नेमके हेच विसरतात. ते धावण्याचा मार्ग पहाटे पाच वाजता पळून ‘आपल्याला पाठ आहे’ म्हणतात.

२. मार्ग पाहणे: जाणे-येणे वेगळे, पाहणी वेगळी

रोज गाडीने जाता तो रस्ता तुम्हाला गाडीच्या नजरेने माहीत आहे. गाडीला १ ते २ टक्क्यांचा चढ जाणवतच नाही, पण सायकलवर तोच चढ ८ किलोमीटर चालला तर ताशी ४ ते ५ किलोमीटर खाऊन टाकतो. म्हणून निदान एकदा पूर्ण मार्ग शर्यतीच्याच दिशेने आणि शर्यतीच्याच घडीला सायकलवरून पार करा. रहदारी असेल तर सुटीच्या दिवशी उजाडताच निघा आणि तुकड्यातुकड्याने करा.

दर १० किलोमीटरच्या तुकड्यासाठी या गोष्टी टिपा: चढ-उतार, रस्त्याचा पोत, खड्डे आणि आडव्या जाळ्या, गतिरोधक, सावली, वारा कुठून आणि किती वाजता. वाऱ्याची नोंद तीन-चार वेगवेगळ्या दिवशी घ्या. वारा पाठीशी असताना जाणे आणि समोर घेऊन परतणे यात फिट्टंफाट होत नाही. ९० किलोमीटर ताशी २८ ने आणि ९० किलोमीटर ताशी २० ने केले तर लागतात ७ तास ४३ मिनिटे. सरळ २४ ने केले असते तर ७ तास ३० मिनिटे. वेळ वेगावर नाही, मंद गतीत घालवलेल्या तासांवर ठरते. त्यामुळे वाऱ्यासोबत उधळून मिळवलेली मिनिटे परतीच्या वाटेवर व्याजासकट जातात.

एक सावधगिरी. शर्यतीच्या दिवशी हाच रस्ता वेगळा असतो. कठडे लागतात, यू-टर्नसाठी शंकू ठेवतात, तुम्ही नेहमी ज्या बाजूने जाता तिच्या उलट बाजूने जावे लागू शकते. दोनेक आठवडे आधी प्रसिद्ध होणारा अंतिम नकाशा तुमच्या टिपणाशी ताडून पाहा. ‘इथून आपण नेहमी डावीकडे वळतो’ या सवयीने चुकलेला स्पर्धक बहुधा स्थानिकच असतो, आणि मार्ग माहीत असणे ही नियमाप्रमाणे स्पर्धकाचीच जबाबदारी.

पोहण्याच्या जागेवर सुरुवातीच्याच वेळेला काठावर उभे राहा. सूर्य कुठे आहे, ज्या बाजूने श्वास घेता त्या बाजूला तो डोळ्यांवर येतो का, बोयांच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) मागे लांबून दिसणारे उंच काय आहे (टाकी, मनोरा, डोंगराचा खांदा), पाण्याबाहेर येताना तळ निसरडा आहे की खडकाळ, हे बघा. पाण्यातून डोके जेमतेम वर काढल्यावर बोया लाटेआड जातो, मनोरा जात नाही. दर ८ ते १० हातांनंतर एकदा समोर पाहायचे. त्यात आळस केला आणि ५ टक्के वाकडे गेलात तर १९० मीटर जास्त पोहावे लागतात, म्हणजे वरच्या वेगाने सव्वापाच मिनिटे. उघड्या पाण्यात एकट्याने सराव करायचा नाही, कितीही ओळखीचे पाणी असले तरी. कमरेला रंगीत तरंगता बोया आणि सोबतीला कुणीतरी हवेच.

जवळ राहण्याचा एक छोटा फायदा म्हणजे पाण्याचे तापमान आठवड्याला मोजता येते. वेटसूटची (अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखाची) परवानगी त्यावर ठरते. आयर्नमॅनच्या शर्यतींत हौशी स्पर्धकांसाठी ही रेषा २४.५ अंश सेल्सिअस आहे. तिच्या वर वेटसूट घातला तर बक्षिसाचा हक्क जातो, आणखी वर वेटसूटच बंद होतो. तुमचे पाणी या रेषेच्या आसपास असेल तर वेटसूट घालून आणि न घालता, दोन्ही पद्धतींनी ३ किलोमीटर पोहून ठेवा.

३. सराव: थोडक्यात

पूर्ण अंतरासाठी २४ ते ३० आठवडे धरा, शिखराच्या आठवड्यांत १० ते १४ तास. सर्वांत लांब सायकल १५० ते १६० किलोमीटर, सर्वांत लांब धाव २८ ते ३० किलोमीटर, आणि दोन्ही एकाच आठवड्यात नकोत. शेवटचे दोन ते तीन आठवडे सराव कमी करत आणायचा.

घरच्या मैदानावर दोन सराव मात्र सोन्यासारखे आहेत. एक, सायकलनंतर लगेच ३० ते ४० मिनिटे धावणे, तेही शर्यतीत धावण्याच्या मार्गाच्या पहिल्या ५ किलोमीटरवर. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात आणि वेगाचा अंदाज पार चुकतो. ते चुकणे त्याच रस्त्यावर अनुभवलेले बरे. दुसरा, उन्हाचा. तुम्ही उष्ण हवेत राहता म्हणून शरीर सरावले आहे असे नाही. रोज पहाटे व्यायाम आणि दिवसभर पंख्याखाली बसणे असेल तर दुपारच्या उन्हाला तुम्ही बाहेरून आलेल्यांइतकेच नवखे. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. शेवटच्या महिन्यात तेवढे दिवस रोज किंवा एक दिवसाआड ६० ते ९० मिनिटांचा हलका व्यायाम शर्यतीच्या उष्ण घडीला करा. चक्कर आली, अंगावर काटा येऊन थंडी वाजली की थांबायचे, त्यात मर्दुमकी नाही.

४. खाणे-पिणे: इथेच जास्तीत जास्त शर्यती फसतात

सायकलवर ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके हे उद्दिष्ट. नुसत्या ग्लुकोजवर आतडे ताशी सुमारे ६० ग्रॅमच्या पुढे शोषत नाही. त्यात फ्रुक्टोज असेल तर वेगळ्या वाटेने शोषले जाऊन ९० पर्यंत जाता येते, म्हणून जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) घेताना पाकिटावर दोन्ही आहेत का पाहा. नवख्याने ७० धरावे. साडेसात तासांचे ५२५ ग्रॅम झाले, म्हणजे २५ ग्रॅमचे एक असे २१ जेल. एवढे नुसते जेल कुणाच्याही पोटाला मानवत नाही. निम्मे बाटलीतल्या घट्ट द्रावणातून आणि निम्मे जेल व चावून खाण्याजोग्या गोष्टींतून असे वाटून घ्या. घड्याळावर दर २० मिनिटांनी गजर लावा, कारण भूक लागली की खायचे असे म्हटले तर उशीर झालेला असतो.

पाण्याचा हिशेब घरीच करता येतो. शर्यतीच्या हवेत तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. वजन ०.७ किलोने घटले आणि मधे अर्धा लिटर प्यायलात तर ताशी १.२ लिटर घाम. सगळाच भरून काढायचा नसतो. दोन-तृतीयांश पुरे, म्हणजे इथे ताशी ८०० मिलीलिटर. मिठाची गरज माणसागणिक बदलते. कपड्यांवर पांढरे पट्टे उठत असतील तर द्रावणात जास्त सोडियम असलेले मिश्रण वापरून पाहा. आणि उलटी चूक लक्षात ठेवा: मंद गतीने जाणारे नवखे प्रत्येक थांब्यावर नुसते पाणी ढोसतात. त्याने रक्तातले सोडियम घसरते, डोके दुखते, बोटे सुजतात, गोंधळल्यासारखे होते. अंगठी घट्ट वाटू लागली तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय मदत मागा.

आयोजक मार्गावर कोणते पेय आणि जेल देणार हे पुस्तिकेत असते. तेच आणून दोन महिने सराव करा. पोटालाही सराव लागतो.

५. सायकल आणि पिशव्या

शर्यतीच्या दोन आठवडे आधी सायकल दुरुस्तीला द्या, आदल्या दिवशी नव्हे. चेन ताणली असेल तर ती आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) एकदमच बदला, नाहीतर जोर लावल्यावर दात निसटतात. नवे टायर लावले तर १०० ते १५० किलोमीटर चालवून घ्या. सोबत दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, गॅसची दोन नळकांडी किंवा छोटा पंप, बहुउपयोगी पाना, तुमच्या चेनच्या मापाची जोडकडी. टायर चिरला तर आत घालायला टायरचाच कापलेला छोटा तुकडा. बाटली खड्ड्यात उडणे हा फारच साधा, फारच महागात पडणारा अपघात. तीन तासांचे द्रावण एकाच बाटलीत असेल आणि ती गेली तर योजना संपली. बाटलीचा पिंजरा आवळा, रबराची पट्टी लावा, आणि पाहणीत टिपलेल्या खड्ड्यांपाशी हात बाटलीवर ठेवा.

पिशव्या भरताना अंगावर चढवण्याच्या क्रमाने भरा. सायकलच्या पिशवीत हेल्मेट, चष्मा, मोजे, बूट, क्रमांकाचा पट्टा. धावण्याच्या पिशवीत बूट, कोरडे मोजे, टोपी, व्हॅसलिन, डोक्यावरचा दिवा. घर जवळ असले की ‘राहिले तर आणू’ अशी वृत्ती येते. पण आदल्या दिवशी सायकल जमा केल्यावर आणि सकाळी रस्ते बंद झाल्यावर दोन किलोमीटरवरचे घरही परदेशाइतके लांब. यादी छापून खूण करत भरा, जणू विमान पकडायचे आहे.

सायकल उन्हात ठेवणार असाल तर टायरमधली हवा थोडी कमी करा. हवा तापून फुगते आणि ट्यूब फुटू शकते. सकाळी पुन्हा भरा, त्यासाठी मोठा पंप घेऊन जा.

६. माणसे

१९७८ च्या त्या शर्यतीत प्रत्येकाने आपापली मदतीची माणसे आणायची होती. सायकलनंतर आघाडीवर असलेल्या जॉन डनबारच्या माणसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. आज ही चूक करायची सोयच नाही, कारण बाहेरची मदत नियमाने बंद आहे. घरच्या माणसाने हातात दिलेली पाण्याची बाटली, मित्राने आणलेली ट्यूब, सोबत सायकलवर किंवा पायी चालत दिलेला वेग, यांपैकी कशानेही दंड होतो किंवा बाद करतात. अंतिम रेषा मुलांना सोबत घेऊन ओलांडणेही अनेक शर्यतींत बंद आहे. हे घरच्यांना आधीच, स्पष्ट, एकदा नव्हे दोनदा सांगा. त्या दिवशी रस्त्यात ‘नको, नको’ म्हणत पळायची वेळ आणू नका.

त्यांना एक पान लिहून द्या. कुठे उभे राहायचे: धावण्याच्या फेऱ्या जिथून वळतात तिथे, कारण एकाच जागेवरून तुम्ही त्यांना चार-पाचदा दिसता. सायकलच्या लांबच्या टोकाला जाऊ नये, रस्ते बंद होऊन गाडी अडकते. किती वाजता: नेमकी वेळ नको, अर्ध्या-पाऊण तासाचा अवधी द्या, नाहीतर दहा मिनिटे उशीर झाला की घरचे घाबरून फोन लावत सुटतात. काय ओरडायचे: ‘खाल्लंस का?’ हे ‘पळ, पळ!’ पेक्षा कामाचे.

ओळखीच्या गर्दीसमोर पाय आपोआप उचलले जातात. कुणाला दुसऱ्या किलोमीटरवर चालताना दिसायचे नसते. तो कोपरा आधीच टिपून ठेवा आणि तिथे घड्याळाकडे पाहायचे असा नियम करा. धावण्याचे पहिले ५ किलोमीटर ठरल्यापेक्षा किलोमीटरला १५ ते २० सेकंद मंद, मग कोणीही टाळ्या वाजवू दे.

७. शेवटचा आठवडा

बाहेरगावी शर्यत असते तेव्हा माणूस कामापासून आपोआप सुटतो. घरी मात्र शुक्रवारी दुपारीही कुणाचे तरी काम निघतेच. दोन दिवस आधीपासून रजा घ्या. पाहुणे येणार असतील तर त्यांची व्यवस्था दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि बाहेरून आलेल्या स्पर्धक मित्रांना गाव दाखवत हिंडू नका. पाय त्याच दिवसात संपतात. मार्ग जवळ आहे म्हणून ‘एकदा शेवटची चाचणी’ही नको. २० ते ३० मिनिटांचे हलके हातपाय मोकळे करणे पुरे. आदल्या रात्री झोप लागत नाही, ते चालते. त्याआधीच्या दोन रात्रींची झोप सांभाळा.

८. त्या दिवशी

पाण्यात कडेने आणि मागून सुरुवात करा. पहिल्या २०० मीटरमध्ये श्वास अडकल्यासारखे झाले तर उताणे होऊन हात वर करा. रक्षकाची होडी किंवा फळी धरून विसावा घेता येतो, फक्त पुढे सरकायचे नाही.

हेल्मेटची कडी लावल्याशिवाय सायकलला हात नाही, आणि सायकल जागेवर ठेवल्याशिवाय कडी काढायची नाही. हेडफोन बंद. बहुतेक लांब शर्यतींत पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावे लागते. पुढे जायचे तर ठरावीक सेकंदांत जायचे (आयर्नमॅनमध्ये २५), नाहीतर साधारण ५ मिनिटांचा दंड तंबूत बसून भोगावा लागतो. तासभर टिकेल अशा कमाल पॉवरच्या ६५ ते ७० टक्क्यांवर सायकल चालवा, चढावरही ८५ च्या वर नको. पॉवर मोजणारे मीटर नसेल तर पूर्ण वाक्य बोलता येईल इतपत जोर. पहिल्या दोन तासांत लोक तुम्हाला मागे टाकत जातील, त्यातले कितीतरी संध्याकाळी चालताना भेटतील.

धावताना प्रत्येक मदत-थांबा चालत पार करा. तीस-चाळीस पावले, एक घोट, एक घास, टोपीत बर्फ असेल तर बर्फ, आणि पुन्हा पळायला लागा. पोट उलटले तर दहा मिनिटे चालून वेग उतरवा, मग लहान घोटांनी सुरुवात करा. जोर जास्त असताना रक्त पायांकडे जाते आणि पोट काम थांबवते, औषध शोधण्याआधी वेग कमी करून पाहा.

मार्ग घराजवळून जात असेल तर ३० व्या किलोमीटरच्या आसपास त्या गल्लीचे तोंड दिसेल. तिथे काय करायचे हे आधी ठरवून ठेवा, उदाहरणार्थ पुढच्या थांब्यापर्यंत न थांबता पळायचे. खरेच सोडायची वेळ आली तर सोडा, पण वेळ मोजणारी चिप काढून जवळच्या अधिकाऱ्याच्या हाती द्या आणि नाव नोंदवा. स्थानिक स्पर्धक परस्पर घरी जाऊन झोपतो आणि आयोजक रात्रभर त्याला शोधत बसतात, असे घडू शकते.

रेषा ओलांडल्यावर कोरडे कपडे घाला, पहिल्या तासाभरात थोडे खा आणि काही वेळ चालत राहा, एकदम आडवे झाल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. सायकल आणि पिशव्या परत घ्यायची शेवटची वेळ पुस्तिकेत पाहून ठेवा. त्या कामाला पावतीसकट दुसऱ्याला पाठवता येते का हे आदल्या दिवशी विचारा. घर दहा मिनिटांवर असले तरी गाडी तुम्ही चालवू नका.